दिव्यांगांसाठीचे सरकारी लाभ : दाखला एक, कसोट्या अनेक

भारतात दिव्यांग व्यक्तीला सरकारकडून मिळणारे लाभ एका योजनेत किंवा एका खात्यात सामावलेले नाहीत. दरमहा मिळणारे अर्थसहाय्य तहसील कार्यालयातून मंजूर होते. कामावर हात गमावलेल्या कामगाराची भरपाई कामगार कायद्यांतून येते. तीनचाकी सायकल केंद्राच्या शिबिरात मिळते, शिष्यवृत्तीसाठी संगणकीय पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि एसटीतली सवलत वाहकाकडे कार्ड दाखवल्यावर मिळते. या सगळ्यांच्या मुळाशी दिव्यांगत्वाचा दाखला असला, तरी प्रत्येक लाभाची कसोटी वेगळी आहे. काही लाभ गरज पाहून दिले जातात, काही झालेल्या नुकसानीची भरपाई म्हणून, काही भरलेल्या वर्गणीच्या बदल्यात, काही दिव्यांगत्वामुळे वाढणाऱ्या खर्चाचा भार हलका करण्यासाठी आणि काही समान संधीचा हक्क म्हणून. एका ठिकाणी पात्र ठरलेली व्यक्ती दुसऱ्या ठिकाणी अपात्र का ठरते, याचे उत्तर या फरकात आहे.

कायद्याची चौकट

दिव्यांगांच्या हक्कांचा पहिला सर्वसमावेशक केंद्रीय कायदा १९९५ चा. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात सात प्रकारची दिव्यांगत्वे मान्य होती आणि सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के आरक्षण होते. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा करार संमत केला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली. त्यामुळे देशातला कायदाही बदलणे भाग होते. त्यातून आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे.

या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून २१ वर नेले. अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरत्व, अस्थिव्यंग, बौद्धिक दिव्यांगत्व आणि मानसिक आजार हे जुने प्रकार त्यात आहेतच. त्यांच्या जोडीला स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, बुटकेपणा, स्नायूंचा क्षय, ॲसिड हल्ल्यातून आलेले व्यंग, पार्किन्सन, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल असे प्रकारही आले. सिकलसेलचा समावेश विदर्भ आणि आदिवासी पट्ट्यातल्या कुटुंबांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता.

लाभांच्या दृष्टीने कायद्यातली सर्वांत महत्त्वाची कल्पना लक्षणीय दिव्यांगत्वाची आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचे प्रमाणित झाले, तर ते लक्षणीय मानले जाते. आरक्षण, मोफत शिक्षण आणि योजनांमधला राखीव वाटा यांसाठी ही अट आहे. भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोयी यांना मात्र ती लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार प्रकरणात हा फरक स्पष्ट केला. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लक्षणीय दिव्यांगत्व नसतानाही लेखनिक मिळू शकतो, असा तो निकाल होता.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते. त्यांपैकी २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात होते. ती मोजणी सात प्रकारांच्या काळातल्या व्याख्यांवर झाली होती. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग जाहीर केला. त्याआधी हे काम सामाजिक न्याय विभागाकडे होते. निराधार योजनेचे अर्थसहाय्य आजही त्याच विभागामार्फत दिले जाते, त्यामुळे एकाच अर्जदाराला दोन्ही खात्यांशी संबंध ठेवावा लागतो.

दाखला, टक्केवारी आणि यूडीआयडी

दिव्यांगत्वाची तपासणी सरकारने नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे जिल्हा रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा अधिसूचित रुग्णालयातील मंडळाकडून होते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा असतो. १ जून २०२१ पासून दाखला या पोर्टलवरूनच देणे बंधनकारक आहे. दाखल्याबरोबर वैश्विक ओळखपत्र मिळते. बोलण्यात ते यूडीआयडी कार्ड म्हणूनच ओळखले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांप्रमाणे ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्वाला पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या आतल्याला पिवळे आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास निळे कार्ड दिले जाते. काही योजनांची पात्रता आता थेट कार्डाच्या रंगावरून ठरते. मुंबई महापालिकेच्या धर्मवीर आनंद दिघे अर्थसहाय्य योजनेत पिवळ्या कार्डाला महिना एक हजार आणि निळ्या कार्डाला महिना तीन हजार या हिशेबाने रक्कम ठरलेली आहे.

टक्केवारी कशी काढायची हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत दिलेले आहे. सूचनांचा २०१८ चा संच मार्च २०२४ मध्ये सुधारण्यात आला. चांगल्या डोळ्याची दृष्टी किती आणि अधू डोळ्याची किती, कानाला किती डेसिबलपर्यंत ऐकू येत नाही, सांध्याची हालचाल किती उरली, यांवरून टक्के निघतात. कायद्यानुसार दोन्ही कानांना ७० डेसिबलपर्यंत ऐकू न येणारी व्यक्ती बहिरी, तर ६० ते ७० डेसिबलच्या दरम्यानची श्रवणदोष असलेली समजली जाते. एकाच व्यक्तीला दोन व्यंगे असतील, तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठी टक्केवारी पूर्ण धरतात आणि लहान टक्केवारीचा काही भाग ठरलेल्या सूत्राने त्यात मिळवतात. म्हणून ३० टक्के अधू दृष्टी आणि ३० टक्के अस्थिव्यंग यांचे एकत्रित दिव्यांगत्व ६० नव्हे, ५० टक्के भरते. वेगवेगळी धरली असती तर यांतले एकही व्यंग लक्षणीय ठरले नसते.

दाखला कायमचा किंवा ठरावीक मुदतीचा असतो. वाढत्या वयाच्या मुलांचे आणि बदलू शकणाऱ्या आजारांचे दाखले बहुधा मुदतीचे असतात. मुदत संपली की त्या दाखल्यावर मिळणारा लाभही थांबतो. टक्केवारी मान्य नसल्यास राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. फसवून लाभ घेतल्यास किंवा घेण्याचा प्रयत्न केल्यास कायद्याच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गरजेवर आधारित मासिक अर्थसहाय्य

महाराष्ट्रातल्या गावांत ज्याला निराधारचा पगार म्हणतात, ती संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. ६५ वर्षांखालील निराधार, विधवा, दुर्धर आजारी आणि दिव्यांग अशा अनेक गटांसाठी ती एकत्र आहे. दिव्यांग अर्जदाराचे दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे लागते आणि तो राज्यात किमान १५ वर्षे राहत असावा लागतो. इतर गटांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये, तर दिव्यांगांसाठी ती ५० हजार रुपये आहे. वय, रहिवास आणि उत्पन्नाचे दाखले, यूडीआयडी आणि आधारशी जोडलेले बँक खाते एवढी कागदपत्रे जमवून सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून अर्ज करता येतो. तालुका पातळीवरची समिती मंजुरी देते. त्यानंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ६५ वर्षे पूर्ण झाल्यावर लाभार्थी श्रावणबाळ योजनेत जातो.

अनुदानाची रक्कम टप्प्याटप्प्याने वाढली. बराच काळ ती ६०० रुपये होती. २०१९ मध्ये एक हजार आणि २०२३ मध्ये दीड हजार झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी आणखी एक हजाराची वाढ मंजूर केली आणि रक्कम अडीच हजार रुपये केली. उत्पन्नाची अट मात्र रकमेच्या मानाने फारच तोकडी आहे. वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला साधारण ४,१६७ रुपये. दिवसाला ४०० रुपये मजुरी मिळवणाऱ्या एका सदस्याने वर्षात १२५ दिवस काम केले तरी सगळ्या घराचे उत्पन्न मर्यादेला टेकते. घरातले कोणी राबते, म्हणून घरातल्या दिव्यांगाचे अनुदान जाते, असा या अटीचा परिणाम होतो.

केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना फेब्रुवारी २००९ मध्ये सुरू झाली. तिच्या अटी अधिक कडक आहेत. कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असावे लागते, वय १८ ते ७९ च्या दरम्यान असावे लागते आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून अधिक, अथवा बहुविध असावे लागते. केंद्राचा वाटा आधी महिना २०० रुपये होता. २०१२ मध्ये तो ३०० रुपये झाला आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तेवढाच राहिला. ८० वर्षांनंतर तो ५०० रुपये होतो. महाराष्ट्रात अशा लाभार्थ्याला उरलेली रक्कम संजय गांधी योजनेतून मिळते, त्यामुळे हातात येणारी एकूण रक्कम राज्याच्या दराइतकी होते. गोव्यात हेच काम दयानंद सामाजिक सुरक्षा योजना करते. तिथेही ज्येष्ठ नागरिक, विधवा आणि दिव्यांग एकाच योजनेत आहेत.

२०१६ च्या कायद्याचे कलम २४ सांगते की, सामाजिक सुरक्षेच्या योजनांमध्ये दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असावी. हे कलम सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत लागू होते. २०२५ ची वाढ होण्याआधी महाराष्ट्रात दिव्यांगाचे अनुदान आणि निराधार विधवेचे अनुदान सारखेच, दीड हजार रुपये होते.

अपघात, भरपाई आणि विमा

मासिक अर्थसहाय्यासाठी व्यंग कशामुळे आले हे विचारले जात नाही. भरपाईसाठी मात्र तोच पहिला प्रश्न असतो. कामावर असताना झालेल्या दुखापतीची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व १९२३ च्या कायद्याने आणले. तो कायदा आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये सामावले गेले आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

कर्मचारी राज्य विमा योजनेत येणाऱ्या कामगाराला भरपाई महामंडळाकडून मिळते. योजनेची वेतनमर्यादा २१ हजार रुपये आणि दिव्यांग कामगारांसाठी २५ हजार रुपये आहे. कामावर जखमी झालेला कामगार तात्पुरता अक्षम असेपर्यंत त्याला वेतनाच्या ९० टक्क्यांच्या दराने रक्कम मिळते. अक्षमता कायमची राहिली, तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती घटली ते ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा लाभ मिळतो. आजारपणाच्या रजेच्या लाभासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरच्या अपघातासाठी तशी अट नाही, कामाच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क मिळतो.

या विम्याबाहेरच्या कामगाराची भरपाई एका सूत्राने निघते. पूर्ण कायमच्या अक्षमतेसाठी मासिक वेतनाचे ६० टक्के घेऊन त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. वय जितके कमी तितका गुणक मोठा. अंशतः अक्षमतेसाठी एक तक्ता आहे. त्यात अंगठा गमावल्यास ३० टक्के, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गमावल्यास ४० टक्के, दोन्ही हात गमावल्यास १०० टक्के असे आकडे दिलेले आहेत.

एका उदाहरणाने वेगवेगळ्या कसोट्या शेजारी ठेवून पाहता येतात. लोखंड घासताना उडालेल्या कणाने तीस वर्षांच्या कामगाराचा एक डोळा काढावा लागला आणि त्याचे हिशेबाचे मासिक वेतन १५ हजार आहे, असे धरू. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ आहे. १५ हजारांचे ६० टक्के म्हणजे ९ हजार. त्याला गुणकाने गुणले की पूर्ण अक्षमतेची रक्कम १८ लाख ७१ हजार ८२० रुपये होते आणि तिचे ४० टक्के ७ लाख ४८ हजार ७२८ रुपये. त्याने बँकेत वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा उतरवला असेल, तर एक डोळा गेल्याबद्दल त्याला आणखी एक लाख मिळतात. हाच कामगार जिल्हा रुग्णालयात दाखल्यासाठी गेला, तर दुसरा डोळा चांगला असल्यामुळे त्याचे दिव्यांगत्व ३० टक्के ठरते. त्याला पांढरे कार्ड मिळते आणि निराधार योजना, नोकरीतले आरक्षण आणि शिष्यवृत्ती यांपैकी काहीच मिळत नाही. तिन्ही निर्णय आपापल्या जागी नियमाला धरूनच आहेत, कारण तिन्ही ठिकाणी मोजलेली गोष्ट वेगळी आहे. पहिल्या ठिकाणी कमाईचे नुकसान मोजले, दुसऱ्या ठिकाणी विमाकराराची अट पाहिली आणि तिसऱ्या ठिकाणी उरलेली दृष्टी.

सुरक्षा विमा योजना २०१५ मध्ये सुरू झाली आणि १८ ते ७० वर्षांच्या खातेदारांना खुली आहे. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय, अथवा एक डोळा आणि एक हात किंवा पाय कायमचा गेल्यास तीत दोन लाख मिळतात. महाराष्ट्रात शेतकरी कुटुंबांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिथेही दोन अवयव गमावल्यास दोन लाख आणि एक अवयव किंवा डोळा गमावल्यास एक लाख अशी विभागणी आहे. शेतकऱ्याला वेगळा हप्ता भरावा लागत नाही, पण अपघाताची नोंद, सातबारा आणि वैद्यकीय कागद वेळेत सादर करावे लागतात.

नोकरदाराच्या भविष्य निर्वाह निधीतही एक तरतूद आहे, पण तिची माहिती फार थोड्यांना असते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ नुसार नोकरीत असताना कायमची पूर्ण अक्षमता आल्यास दहा वर्षांच्या सेवेची अट लागत नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी अक्षमता निवृत्तिवेतन मिळू शकते.

सरकारी नोकरी आणि सैनिकी सेवा

सरकारी सेवेत असताना दिव्यांगत्व आले, तर त्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता किंवा पदावनत करता येत नाही. जुन्या कायद्याच्या कलम ४७ मधले हे संरक्षण नव्या कायद्याच्या कलम २० मध्ये कायम आहे. आधीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे. तसे पद नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचे. हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरते आहे. खाजगी कंपनीतल्या कर्मचाऱ्याला भेदभावाविरुद्ध दाद मागता येते, पण अशा ठोस हमीचा आधार मिळत नाही.

सरकारी कर्मचाऱ्याच्या अपत्याला दिव्यांगत्वामुळे उपजीविका करता येत नसेल, तर आईवडिलांच्या पश्चात त्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते. इतर अपत्यांना लागू असलेली वयाची मर्यादा त्याला लागत नाही. कर्मचाऱ्याने हयातीतच अशा अपत्याची नोंद सेवापुस्तकात आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांत केलेली असेल, तर पुढची धावपळ बरीच वाचते.

सैन्यातल्या दिव्यांगत्व निवृत्तिवेतनाची कसोटी पूर्णपणे वेगळी आहे. तिथे दुखापत किंवा आजार लष्करी सेवेमुळे आला किंवा सेवेमुळे बळावला, हे सिद्ध व्हावे लागते. किमान मर्यादा ४० नव्हे, २० टक्के आहे. १०० टक्के दिव्यांगत्वासाठी दिव्यांगत्वाचा घटक शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो आणि टक्केवारी कमी असल्यास त्या प्रमाणात घटतो.

शिक्षण आणि रोजगारातले हक्क

लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. इतर मुलांसाठी हा हक्क चौदाव्या वर्षी संपतो. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव असतात आणि प्रवेशाच्या कमाल वयात पाच वर्षांची सूट मिळते. लेखी परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ, असे केंद्राच्या २०१८ च्या सूचना सांगतात.

केंद्राच्या शिष्यवृत्त्या तीन टप्प्यांत आहेत. नववी-दहावीसाठी आणि दहावीनंतरच्या शिक्षणासाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. नामांकित संस्थांतल्या पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या उच्चश्रेणी शिष्यवृत्तीत ती बरीच वर आहे.

टक्केवारी जास्त असणेही कधीकधी अडचणीचे ठरते. वैद्यकीय प्रवेशाच्या जुन्या नियमांत काही प्रकारांसाठी वरची मर्यादा होती. वाचा आणि भाषेचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या वर गेले तर विद्यार्थी अपात्र ठरे. म्हणजे आरक्षणासाठी जे ४० टक्के लागत, तेच प्रवेशाच्या आड येत. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला की, केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून अपात्र ठरवता येणार नाही. विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, हे मंडळाने प्रत्यक्ष तपासून नोंदवले पाहिजे.

सरकारी नोकऱ्यांत चार टक्के पदे राखीव आहेत. अंध आणि अल्पदृष्टींसाठी एक टक्का, कर्णबधिरांसाठी एक टक्का आणि अस्थिव्यंग, सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, ॲसिड हल्लाग्रस्त आणि स्नायूंच्या क्षयाचे रुग्ण यांच्यासाठी मिळून एक टक्का. उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व यांच्यासाठी. हे प्रमाण केवळ दिव्यांगांसाठी निश्चित केलेल्या पदांवर न मोजता संवर्गातल्या एकूण रिक्त पदांवर मोजावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली ८ ऑक्टोबर २०१३ रोजी ठरवले. पदोन्नतीतही आरक्षण लागू असल्याचे २०२१ च्या निकालाने स्पष्ट झाले. खाजगी क्षेत्रावर सक्ती नाही, मनुष्यबळात पाच टक्के दिव्यांग घेणाऱ्यांना सरकारने प्रोत्साहन द्यावे एवढेच कायदा सांगतो.

साधने, उपचार आणि पालकत्व

कृत्रिम पाय, कुबड्या, चाकाची खुर्ची, तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र, ब्रेल साहित्य ही साधने केंद्राच्या ॲडिप योजनेतून मिळतात. ही योजना १९८१ पासून चालू आहे आणि साधनांचा मोठा पुरवठा कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कंपनीकडून होतो. महिन्याला २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असल्यास पूर्ण आणि ३० हजारांपर्यंत असल्यास निम्मा खर्च योजना उचलते. बहुतेक साधनांसाठी तीन वर्षांत एकदाच मदत मिळते. शिबिराचे बहुधा दोन टप्पे असतात. आधी मापे घेतली जातात आणि साधन काही महिन्यांनी येते. जन्मतः बहिऱ्या लहान मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रियाही या योजनेत आहे. तिथे वयाला फार महत्त्व असते, कारण बोलणे शिकण्याची पहिली वर्षे निघून गेली की शस्त्रक्रियेचा उपयोग कमी होतो.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविध दिव्यांगत्व या चार गटांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्यासाठी आधी वैद्यकीय चाचणी लागत नाही, वयाचे बंधन नाही आणि बाह्यरुग्ण उपचार, भौतिकोपचार, वाचोपचार यांचा खर्चही त्यात धरला जातो. सर्वसाधारण आरोग्य विम्यात हे खर्च सहसा बसत नाहीत.

याच न्यासाच्या कायद्याखाली अठरा वर्षांवरच्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे करायचा असतो. मूल सज्ञान झाल्यावर आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, त्यामुळे बँक खाते, निवृत्तिवेतन किंवा वारसा यांचे व्यवहार अडू शकतात. इतर दिव्यांगांसाठी २०१६ च्या कायद्यात ठरावीक बाबीपुरत्या आणि ठरावीक काळापुरत्या मर्यादित पालकत्वाची सोय आहे. तीत निर्णय त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून घ्यायचे असतात.

प्रवास आणि करातल्या सवलती

रेल्वेची सवलत टक्केवारीपेक्षा व्यंगाच्या प्रकारावर ठरते. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, बौद्धिक दिव्यांग आणि पूर्ण अंध यांना शयनयान, खुर्ची यान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के आणि वरच्या वातानुकूलित वर्गांत ५० टक्के सवलत आहे. सोबत्यालाही तेवढीच सवलत मिळते. पूर्ण मूकबधिरांना शयनयानात ५० टक्के सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेने नमूद केलेला डॉक्टरचा दाखला आणि त्यावरून मिळणारे ओळखपत्र लागते. एसटीत दिव्यांगाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे आणि दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा अधिक असल्यास साथीदाराला ५० टक्के. या दोन्ही सवलतींना उत्पन्नाची अट नाही.

प्राप्तिकरात दोन वजावटी आहेत. १९६१ च्या कायद्यात त्या कलम ८०यू आणि ८०डीडी म्हणून ओळखल्या जात. पहिली करदाता स्वतः दिव्यांग असल्यास आणि दुसरी त्याच्यावर अवलंबून असलेला नातलग दिव्यांग असल्यास मिळते. ४० टक्क्यांपासून ७५ हजार आणि ८० टक्क्यांपासून सव्वा लाख रुपये उत्पन्नातून वजा होतात, प्रत्यक्ष खर्च कितीही झाला असला तरी. या वजावटी जुन्या करप्रणालीतच मिळतात. नवी प्रणाली निवडणाऱ्याने दोन्ही आकडे मांडून पाहणे गरजेचे असते. महाराष्ट्रात दिव्यांग नोकरदाराला आणि दिव्यांग मुलाच्या पालकाला व्यवसाय करातूनही सूट आहे. कपात टाळण्यासाठी दाखला आस्थापनेकडे द्यावा लागतो.

स्थानिक निधी, घर आणि स्वयंरोजगार

ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होते. यातून कोणी थेट रक्कम देते, कोणी साहित्य, तर कोणी व्यवसायासाठी मदत. घरपट्टीची वसुली बरी असलेल्या गावात हा निधी जाणवण्याइतका असतो, वसुली नसलेल्या गावात नावापुरता उरतो. ग्रामसभेत या खर्चाचा हिशेब मागता येतो.

घरकुल, शेतजमीन वाटप आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के वाटा दिव्यांगांसाठी राखीव आहे आणि त्यात स्त्रियांना प्राधान्य आहे. महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळ व्यवसायासाठी कर्ज देते. त्याच्यामार्फत विजेवर चालणारे फिरते दुकान देण्याची योजनाही राबवली गेली. दिव्यांग आणि अव्यांग व्यक्तींच्या विवाहासाठी राज्याने २०१४ मध्ये ५० हजार रुपयांचे प्रोत्साहन सुरू केले. त्यातला निम्मा भाग बचत प्रमाणपत्राच्या रूपात होता.

लाभ एकत्र घेणे आणि दाद मागणे

सगळे लाभ एकमेकांना छेद देत नाहीत. शिष्यवृत्ती, साधने, प्रवास सवलत, करसूट आणि आरक्षण एकाच वेळी घेता येतात. अडचण येते ती एकाच हेतूच्या दोन लाभांची. एका व्यक्तीला दोन मासिक अर्थसहाय्ये सहसा मिळत नाहीत. कर्मचारी राज्य विम्याचा लाभ घेतल्यास त्याच दुखापतीची भरपाई मालकाकडून पुन्हा मागता येत नाही. भरपाईची मोठी रक्कम हाती आली, तरी तिच्यावरच्या व्याजामुळे कुटुंबाचे उत्पन्न निराधार योजनेच्या मर्यादेबाहेर जाऊ शकते.

उत्पन्नाच्या मर्यादा शेजारी मांडल्या की कोणता लाभ कोणाच्या वाट्याला येतो ते दिसते. निराधार योजनेला वर्षाचे ५० हजार, शिष्यवृत्तीला अडीच लाख, साधनांना साधारण तेवढेच, एसटीला आणि आरक्षणाला कसलीच मर्यादा नाही, आणि करसूट तर कर भरण्याइतके कमावणाऱ्यालाच उपयोगी. वर्षाला लाखभर रुपये मिळवणारे मजुराचे कुटुंब मासिक अनुदानातून बाहेर पडते आणि करसुटीपर्यंत पोचत नाही. त्याच्या हाती साधने, शिष्यवृत्ती, प्रवास सवलत आणि स्थानिक निधी एवढेच उरते.

हक्क नाकारला गेल्यास दाद मागण्याचे मार्ग लाभाच्या प्रकारानुसार बदलतात. आरक्षण, भेदभाव आणि योजनांतला वाटा यांच्या तक्रारी पुण्यातल्या राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे आणि केंद्रीय आस्थापनांच्या तक्रारी दिल्लीतल्या मुख्य आयुक्तांकडे जातात. निराधार योजनेचे प्रकरण तहसीलदार आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे, भरपाईचे सक्षम कामगार प्राधिकाऱ्याकडे आणि टक्केवारीचा वाद वैद्यकीय अपील मंडळाकडे. कोणताही अर्ज करण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्या लागतात. त्या लाभासाठी टक्केवारी किती लागते, उत्पन्न कोणाचे आणि किती धरतात, व्यंगाचे कारण सिद्ध करावे लागते का, आणि दाखल्याची मुदत शिल्लक आहे का.